माहितीदाता क्रमांक एक

स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे, यात माझी दोन वर्षं गेली. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तक्रार करायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि ती त्या एकसष्ट संदर्भांनी केव्हाच शोषून घेतली होती. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नावाचं आद्याक्षर, मग टिंब, मग कंसात साल, मग परत टिंब. पुस्तकाचं नाव तिरपं, लेखाचं सरळ. दुसरी ओळ अर्धा इंच आत. एकसष्ट वेळा. एवढं झाल्यावर कळायचं की या नियतकालिकाला साल कंसात नको असतं, ते शेवटी हवं असतं.

मी डिचोलीच्या बाजूच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. तेव्हा लेक्चर बेसिसवर होते. दर जूनमध्ये नवा आदेश यायचा, एप्रिलअखेर तो संपायचा, आणि मे महिन्यात मी कोणीच नसायचे. असं अकरा वर्षं चाललं. नवरा खाणीच्या ट्रकवर होता. खाणी थांबल्या तसा ट्रक अंगणात उभा राहिला आणि नवरा शाळेची बस चालवायला लागला. आमच्या आमोण्याच्या घरात त्यावर कोणी काही बोलत नसे, पण कायमच्या जागेची जाहिरात आली तेव्हा चौघंही एकदमच गप्प झाली, त्यावरून प्रत्येकाच्या मनात काय होतं ते कळलं. वयाच्या अटीत बसायची ती माझी शेवटची संधी होती. सगळं जुळत होतं, फक्त मान्यताप्राप्त नियतकालिकातला एक लेख कमी पडत होता. मुलाखतीच्या दिवशी तो छापून आलेला, निदान पृष्ठक्रमांकांसह पक्का झालेला दाखवायचा होता.

लेख मी लिहिलेला होताच. माझं माहेर चोपड्याचं, शापोरा नदीच्या काठचं. तिथल्या खाजन शेतीवर तो लेख होता. खाजन म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली जमीन, आणि मानस म्हणजे त्या बांधातलं लाकडी दार, जे भरतीला मिटतं आणि ओहोटीला उघडतं. शहरातल्या लोकांना हे सांगावं लागतं. आमच्याकडे लहान मुलंसुद्धा मानशीवर बसून पाय सोडू नयेत हे चालायला लागल्यापासून शिकतात.

दर वर्षी मे महिन्यात बांधाची डागडुजी संपली की मानशीवर राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, रोट म्हणजे जाड भाकरी देतात आणि गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं सगळ्या पेडण्यात असतं, पण आमच्या वाड्यावरच्या गाऱ्हाण्यात एक गोष्ट आहे जी मी दुसरीकडे ऐकली नाही. देवांची नावं झाली की माणसांची नावं येतात. बांध जेव्हा जेव्हा फुटला तेव्हा तेव्हा तो बुजवायला जे पाण्यात उतरले, त्यांची. गावात त्याला वळ म्हणतात. या वळीला वयाचा क्रम नसतो, मानाचा नसतो, मुळाक्षरांचा तर नसतोच. फुटल्या जागी जो पहिला उतरला तो पहिला, त्याच्या मागून गेला तो दुसरा. नाव, बापाचं नाव, वाडा. आडनाव घेत नाहीत, कारण त्या काठावर सगळ्यांचं एकच आहे.

ही वळ म्हणायचे बाप्पा. माझ्या वडिलांचे चुलत थोरले भाऊ. ऐंशीच्या आसपासचे, अंगानं काटक, बोलणं कमी. मी त्यांच्यासमोर फोन ठेवून सगळी वळ उतरवून घेतली होती आणि गावकारीच्या, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या कारभाराच्या, जुन्या पोर्तुगीज दप्तरांशी ती ताडून पाहिली होती. बांध फुटल्याच्या नोंदी आणि बाप्पांची वळ जवळजवळ तंतोतंत जुळत होती. दोन ठिकाणी तर दप्तरात पानच नव्हतं आणि वळीत नावं होती. माझ्या लेखाचा जीव तो होता. बाकी संदर्भ म्हणजे लग्नातले वऱ्हाडी.

पहिल्या नियतकालिकानं लेख वाचलाच नाही. संदर्भसूची आमच्या शैलीत नाही, एवढंच कळवलं. मी ती त्यांच्या शैलीत बसवली, तर विषय आमच्या कक्षेत येत नाही असं उत्तर आलं. हे आधी सांगता आलं असतं. दुसऱ्या नियतकालिकाची शैली वेगळी, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. मराठी पुस्तकांची नावं आधी रोमन लिपीत, मग कंसात त्यांचा इंग्रजी अर्थ. पोर्तुगीज दप्तरांना पानांचे आकडे नाहीत, तर तसं लिहा. देवळाच्या एका स्मरणिकेत बांधावर चांगला लेख होता, पण लिहिणाऱ्यानं खाली आपलं नाव न घालता ‘एक ग्रामस्थ’ असं लिहिलं होतं. संगणकावरच्या त्या संदर्भ लावून देणाऱ्या हुशार सोयीनं ‘ग्रामस्थ’ हे आडनाव धरलं, ‘ए’ हे आद्याक्षर, आणि त्याला ग अक्षराखाली नेऊन बसवलं. तीन वेळा मी त्याला तिथून उठवलं, तीन वेळा तो परत जाऊन बसला. शेवटी मी त्याच्याशी भांडायचं सोडून दिलं. अजून तो तिथेच आहे. कुठल्यातरी विद्यापीठात कोणीतरी ग्रामस्थ नावाच्या इसमाचा हवाला देत असेल, तर त्याला माझा नमस्कार.

हे सगळं चालायचं दुपारच्या सुट्टीत, स्टाफरूमच्या त्या टोकाला जिथे पंखा पोहोचत नाही, किंवा रविवारी जेवणाच्या मेजावर. पोर्तुगीजांची कागदपत्रं एका हाताला, माशाच्या आमटीचा वास दुसऱ्या हाताला. डोळे चुरचुरायचे. टिंब दिसलं की ते टिंब आहे की मेजावर पडलेला पावाचा कण, हे बोटानं चाचपून बघायचे. मुलगी एकदा म्हणाली की आई, तू हल्ली जेवताना ताटाकडेही असंच बघतेस. मला हसू आलं नाही. तिला ओरडायचीही ताकद नव्हती.

दुसऱ्या नियतकालिकाच्या परीक्षकांनी लेख वाचला, हे कबूल करायला हवं. त्यांना तो आवडलाही. पण एका परीक्षकानं वळीच्या भागावर बोट ठेवलं होतं. मी तिथे ‘चोपडे येथील एक वृद्ध शेतकरी’ एवढंच लिहिलं होतं. त्यानं विचारलं होतं की हा शेतकरी कोण? नाव, गाव, मुलाखतीची तारीख, सहीचं संमतीपत्र आणि संदर्भसूचीत स्वतंत्र नोंद याशिवाय हा पुरावा धरता येणार नाही. नाही तर तो भाग काढावा. मला त्याचा राग आला नाही. मी वर्गात मुलांना हेच सांगते, की कोण म्हणालं ते लिहा.

म्हणून एका रविवारी स्कूटर काढून चोपड्याला गेले. आमोण्याहून चोपडं म्हणजे म्हापशाच्या गर्दीतून, शिवोलीचा पूल ओलांडून, चांगला दीड तास. बाप्पा अंगणात कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसून जाळं शिवत होते. मी सगळं समजावून सांगितलं. लेखाच्या शेवटी एक यादी असते, तीत ज्यांच्याकडून आपण शिकलो त्या सगळ्यांची नावं असतात, तीत तुमचंही नाव घालायचं आहे. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्यांनी विचारलं की त्या यादीत आणखी कोण आहेत. मी नावं सांगायला लागले. त्यांनी प्रत्येक नावाला, तो जिवंत आहे का, असं विचारलं. जुन्या दप्तरांचे कारकून मेलेले, पोर्तुगीज अधिकारी मेलेले, जुनी पुस्तकं लिहिणारे बहुतेक सगळे मेलेले. जे जिवंत होते त्यांचा मलाही भरवसा देता येईना. मग त्यांनी, यात पाण्यात पहिला कोण उतरला, असं विचारलं. मी म्हटलं की इथे क्रम मुळाक्षरांनी लागतो. त्यांच्या चेहऱ्यावरून ही यादी कोणी अडाण्यानं केली आहे असं त्यांना वाटल्याचं दिसत होतं.

मग जाळं खाली ठेवून म्हणाले, “बाय, माजा नाव थंय घालू नको. थंय जितो मनीस नसता.”

मला नियम माहीत होता. वळीत फक्त मेलेल्यांची नावं घेतात. पण तो नियम मानशीवरचा, छापलेल्या कागदाला तो कसा लागेल, असं मी म्हटलं. तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मी आधी ऐकली नव्हती. त्यांच्या आजोबांच्या वेळी बांध फुटला असताना एकजण वाहून गेला. चार दिवस शोधला, सापडला नाही. मेला असं धरून त्या वर्षी वळीत त्याचं नाव घेतलं. महिन्याभरानं तो चालत घरी आला. खालच्या अंगाला कुठेतरी होडीवाल्यांनी काढला होता आणि तापात पडून होता. लोकांना आनंद झाला, पण नाव वळीत गेलं ते गेलं. वळीतून नाव काढत नाहीत. तो पुढे कित्येक वर्षं जगला, शेती केली, मुलं झाली. पण आधी गाऱ्हाणं तोच घालायचा, ते त्यानं त्या दिवसापासून सोडलं. ज्याचं नाव वळीत गेलं त्यानं वळ म्हणायची नाही. मेलेल्यांनी आपलंच नाव कसं पुकारावं? तो दर वर्षी मानशीवर यायचा, बाजूला उभा राहायचा आणि तोंड मिटून ऐकायचा.

मी त्यांना पुढे आग्रह केला नाही. माझं काय अडलं आहे ते मात्र सांगितलं. ते सांगायला नको होतं, असं मला आज वाटतं. पण माणूस थकला की नको ते आधी बोलून जातो. अकरा वर्षं, वयाची अट, अंगणातला ट्रक, सगळं बोलले. बाप्पांनी ऐकून घेतलं. त्यांच्या बायकोनं, काकीनं, चहा आणि पाव आणून ठेवला तो मी खाल्ला आणि परत आले.

त्या आठवड्यात मी वळीचा भाग लेखातून काढायला बसले. एकेक परिच्छेद उचलायचा, मागचं पुढचं जोडायचं, आणि मग त्याला लागलेले संदर्भ शोधून सूचीतून काढायचे. काढता काढता लेख इतका बारीक झाला की त्यात नवीन काहीच उरलं नाही. दप्तरात जे होतं ते दप्तरात होतंच. असा लेख कोणी छापणार नाही हे मला कळत होतं, तरी मी टिंबं सारखी करत राहिले, कारण तेवढंच माझ्या हातात होतं.

गुरुवारी बाप्पांच्या पुतण्याचा फोन आला की बोलावलंय. हा पुतण्या पन्नाशीचा, सरकारी नोकरीत, भला माणूस. का बोलावलंय ते त्यालाही माहीत नव्हतं. मी रविवारी गेले. बाप्पा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. मेजावर त्यांनी स्वतःच पेन आणून ठेवलं होतं.

“हाड तो कागद,” ते म्हणाले. “खंय सय करूची?”

मी संमतीपत्र पुढे केलं. त्यांनी सावकाश आपलं नाव लिहिलं, मग बापाचं, मग वाडा. सहीच्या चौकटीत ते मावलं नाही, बाहेर गेलं. मी त्यांना सांगितलं की छापताना आडनाव आधी येईल. आडनावानं इथे कोण कुणाला ओळखतो, असं ते पुटपुटले, पण घाल म्हणाले, कसंही घाल. मग पेनाचं टोपण लावून पुतण्याकडे वळले आणि त्याला म्हणाले की आता पुढल्या मेपासून वळ तू म्हणायचीस.

तो हसला. त्याला वाटलं काका थट्टा करताहेत. मी हसले नाही. मला कळलं होतं त्यांनी काय केलं ते. तिथेच म्हणायला हवं होतं की राहू दे, कागद फाडून टाकूया. माझ्या तोंडून ते आलं नाही. मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि पुलापर्यंत येईतो दोन वेळा स्कूटर थांबवून तो आहे ना ते बघितलं.

लेख स्वीकारला गेला. वळीसकट. सूचीत बाप्पांची नोंद आली, बासष्टावी. त्या दिवशी कॉलेजातल्या सगळ्यांना मी सामोसे खाऊ घातले आणि घरी जाऊन संध्याकाळीच झोपले.

तीन महिन्यांनी छपाईपूर्व प्रत आली. बरोबर चौतीस प्रश्न आणि दोन दिवसांची मुदत. कॉलेजात परीक्षा चालू होत्या, माझ्याकडे रोज दोन वर्गांवर देखरेख. मुलाखत पुढच्या सोमवारी होती. प्रश्न क्रमांक तीन, अमुक ग्रंथाचं प्रकाशनस्थळ. प्रश्न क्रमांक नऊ, मजकुरात साल एक आणि सूचीत दुसरं, कोणतं बरोबर? प्रश्न क्रमांक सतरा, श्री. ग्रामस्थ यांचं पूर्ण नाव कळवावं. मी मुलांवर नजर ठेवत उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पानामागे उत्तरं लिहायचे आणि घरी जाऊन संगणकावर घालायचे. चौतिसावा प्रश्न असा होता की, संपादकीय कार्यालयाच्या धोरणानुसार मुलाखत दिलेल्या व्यक्तींची ओळख उघड करता येत नाही. म्हणून सूचीतली नोंद काढली आहे आणि मजकुरात ‘माहितीदाता क्रमांक १, पुरुष, शेतकरी’ असा बदल केला आहे. मान्य आहे का?

एकाच नियतकालिकाच्या एका खोलीतल्या माणसानं नाव मागितलं होतं आणि दुसऱ्या खोलीतला ते पुसत होता. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. मला भांडता आलं असतं. संमतीपत्र होतं, परीक्षकाचं पत्र होतं. पण भांडायचं म्हणजे पत्र लिहायचं, ते संपादकांकडे जाणार, त्यांची बैठक होणार, आणि सोमवार निघून जाणार. मी त्या प्रश्नासमोर किती वेळ बसले ते आठवत नाही. फार नसेन. मी ‘मान्य’ लिहिलं आणि प्रत पाठवून दिली. बाप्पांजवळ एकच गोष्ट होती, वळ म्हणणं, ती त्यांनी माझ्यासाठी सोडली, आणि मी ती एका शब्दात घालवली. मला फक्त झोप आली होती.

जागा मला मिळाली. ज्या दिवशी आदेश हातात आला त्या दिवशी नवरा अंगणातल्या ट्रकच्या बोनेटवर हात ठेवून बराच वेळ उभा होता. पेढे घेऊन मी चोपड्याला गेले, छापलेला लेखही नेला. लेख इंग्रजीत. बाप्पांना इंग्रजी येत नाही. त्यांनी हात धुतले, पुसले आणि मगच कागद घेतला. शेवटची पानं उलटून त्यांनी विचारलं की नाव आलं का.

मी हो म्हटलं.

कुठे, त्यांनी विचारलं. मी एका ओळीवर बोट ठेवलं. ती कुठल्यातरी परदेशी बाईच्या पुस्तकाची ओळ होती, समुद्राकाठच्या बांधांवरची. बाप्पांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे, सावकाश, आणि मान हलवली. काकीला बोलावून दाखवलं. तिनंही बोट फिरवलं. मी पेढ्यांचा पुडा उघडत होते, त्याची दोरी सुटेना.

पहिल्या मेमध्ये मी मानशीवर गेले नाही. पेपर तपासायचे आहेत असं सांगितलं, आणि ते खरंही होतं. पुतण्यानं निभावून नेलं असं कळलं. बाप्पा त्याला शिकवायला तयार नव्हते, घरीसुद्धा नाही. सही केल्यापासून त्यांनी वळीतलं एक नाव तोंडातून काढलं नव्हतं. पुतण्या इतकी वर्षं ऐकून जे डोक्यात राहिलं होतं त्यावर, आणि मी फोनवर घेतलेल्या आवाजावर शिकला.

गेल्या मेमध्ये मात्र काकीनं स्वतः फोन केला, म्हणून गेले. मानशीवर वीसेक माणसं होती. आम्ही बायका नेहमीप्रमाणे जरा मागे, बांधावर. ओहोटी संपत आली होती. भरती लागायच्या आत गाऱ्हाणं पुरं व्हावं लागतं, आणि एकदा सुरू केलं की अर्ध्यावर सोडायचं नसतं. पुतण्या मोठ्यानं म्हणत होता, लोक मागून होय महाराजा म्हणत होते. बाप्पा कडेला उभे होते, हात मागे बांधून. अंगानं आणखी वाळले होते. त्यांचे ओठ इतके घट्ट मिटलेले होते की हनुवटीला खळी पडली होती.

देवांची नावं झाली. वळ सुरू झाली. मधल्या एका फुटीपाशी पुतण्या अडला. त्यानं मागचं नाव परत घेतलं आणि परत तिथेच थांबला. कोणी हसलं नाही. त्या फुटीत सहा माणसं उतरली होती, त्यातला चौथा त्याला सापडत नव्हता. दुसरं कोणी सांगावं तर वळ कोणालाच एवढी पाठ नव्हती. मानशीच्या फळ्यांपाशी पाणी उलटं फिरायला लागलं होतं. सगळे बाप्पांकडे बघायला लागले.

बाप्पांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. वळीतलं नाव घ्यायचं नाही म्हणून त्यांनी फक्त हनुवटीनं पुतण्याकडे खूण केली. मी जागची हलले नाही, तेव्हा दोन पावलं माझ्या दिशेनं आले आणि अगदी हळू म्हणाले, “तू सांग तेका. तुज्या पुस्तकात आसा मां?”

ते नाव मला माहीत होतं. चौथा माणूस, त्याचा बाप, त्याचा वाडा, सगळं. वर्षभर मी ते टंकलं होतं, खोडलं होतं, परत टंकलं होतं. ते सांगितलं असतं तर गाऱ्हाणं पुढे गेलं असतं, लोकांनी शिकलेल्या मुलीचं कौतुक केलं असतं, आणि बाप्पा आणखी एक वर्ष, आणखी जितकी असतील तितकी वर्षं, तोंड मिटून तिथे उभे राहिले असते. मी फार शूर आहे असं नाही. मला त्या खोट्याचा कंटाळा आला होता. ते वाहून वाहून पाठ दुखायला लागली होती.

“बाप्पा,” मी म्हटलं, “तुमचा नाव छापूक नाय. शेवटाक काडला. मीच काडूक दिला.”

हे मी हळू बोलले, पण मानशीवर सगळं शांत होतं, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. काकीनं माझा दंड धरला. बाप्पांना ते कळायला थोडा वेळ लागला. आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताच्या बोटाकडे. ज्या बोटानं त्यांनी ती ओळ पुसल्यासारखी वाचली होती, त्याच बोटाकडे. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग ते वळले, पुतण्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी तोंड उघडलं.

पहिल्यांदा आवाज आला नाही. दोन वर्षांत त्यांनी त्या जागी तो काढला नव्हता. खाकरून त्यांनी चौथं नाव घेतलं, बापाचं घेतलं, वाडा घेतला. लोकांनी होय महाराजा म्हटलं. मग पाचवं, मग सहावं. पुतण्या मागे सरकला. पुढची प्रत्येक फूट त्यांनी न अडखळता म्हटली, एकही श्वास चुकीच्या जागी घेतला नाही. पाणी फळीला लागायच्या आत वळ पुरी झाली.

रोट मोडून त्यांनी सगळ्यांना दिला. आधी पुरुषांना, मग बायकांना, मग आम्हा माहेरवाशिणींना. माझ्यापाशी आले तेव्हा मी हात पुढे केला, पण मान वर केली नाही.

“तुजा काम झाला मां?” त्यांनी विचारलं.

“झाला.”

“मगे पुरो,” ते म्हणाले, आणि माझ्या हातावर तुकडा ठेवून पुढे गेले.